दाभोळ ते मालवण, चार दिवस बोटीने: देवमासा दिसेल का?

सागरगोटा (१४ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर डॉल्फिन पाहायला गेलो होतो. त्या सकाळी जे पाहिले त्यामुळेच हा धागा काढावासा वाटला. किनाऱ्यावर 'डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत' अशी पाटी होती. ती वाचून तेव्हा बरे वाटले होते. तिचा खरा अर्थ पाण्यात गेल्यावर कळला. पैसे परत द्यायचे नसतील तर डॉल्फिन दाखवावाच लागतो, आणि दाखवायचा म्हणजे गाठावा लागतो. पाठीवरचा पहिला पर पाण्याबाहेर दिसला तशी आमच्या नावाड्याने शिट्टी घातली आणि दहा मिनिटांत तिथे अकरा होड्या जमल्या. डॉल्फिन ज्या बाजूला वर येई त्या बाजूला सगळ्या होड्या इंजिन पिळत वळत. मधोमध एक मादी होती आणि तिच्या कुशीला चिकटून एक लहानसे, गडद राखाडी पिल्लू होते. शेवटी ती दोघे बरीच लांब जाऊन वर आली, आणि आमच्या होडीतले सगळे, खोटे कशाला सांगू, मीसुद्धा, 'तिकडे, तिकडे' म्हणून ओरडलो. परत येताना कोणी फारसे बोलले नाही.

त्यानंतर वाचनात आले की इतर देशांत आठ-दहा माणसांना घेऊन पाच-सहा दिवस फिरणाऱ्या छोट्या बोटी असतात. त्या घाई करत नाहीत, दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्याने जातात आणि देवमासे, सील, पक्षी असे जे दिसेल ते लांबूनच पाहतात. आपल्याकडे असे काही करता येईल का, हा माझा प्रश्न आहे. बेत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचा आहे. आम्ही आठ जण आहोत. सर्वांत लहान माझी पुतणी चौदा वर्षांची आणि सर्वांत मोठे माझे सासरे सहासष्ट वर्षांचे. दाभोळहून निघून मालवणपर्यंत चार दिवसांत जावे असे नकाशा पाहून ठरवले आहे, पण नकाशावर वारा दिसत नाही, एवढे मला कळते. बोट कोणती घ्यावी, रात्री कुठे राहावे, परवान्याचे काय, आणि कोकणच्या समुद्रात देवमासा खरोखर दिसतो का, हे जाणकारांनी सांगावे.

आजोळ_राजापूर (१४ नोव्हेंबर, रात्री १०:५५)

आमच्या पिढीला कोकणात बोटीने जाण्यात कौतुक वाटण्यासारखे काही उरलेले नाही. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि जयगड येईपर्यंत पोटात होते नव्हते ते सगळे समुद्राला अर्पण करायचे, असा तो प्रवास असे. माझ्या आईला बोट इतकी लागायची की बंदराचा वास आला तरी ती आलेपाकाची वडी तोंडात टाकायची. बंदराला धक्का नसला तर मोठी बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यावे लागायचे. लाट वर आली की उडी मारायची, खाली गेली की थांबायचे. बोट लागणाऱ्या माणसाला चार दिवस म्हणजे काय असते, याचा विचार सासऱ्यांच्या वतीने आधी करावा. आणि एक खडूस शंका: देवमाशाला आपण पाहावे असे त्याला वाटत असेल का?

तिसरा_तांडेल (१५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०)

सागरगोटाताई, आजोबा आणि वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते म्हणून हे नाव घेतले आहे. मी स्वतः अकरा वर्षे बोटीवर काढली आणि आता देवगडात बर्फाच्या धंद्यात आहे. पण सकाळी जेट्टीवर गेल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. तुमच्या प्रश्नांची उत्तरे माझ्या सोयीच्या क्रमाने देतो.

आधी वारा. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि तेव्हा पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत असते. अकरा-बारा वाजले की वारा फिरतो, वायव्येकडून जोर धरतो आणि दुपारी दोननंतर पाण्यावर फेसाची पांढरी फुले दिसू लागतात. म्हणून सहाला निघावे आणि बारापर्यंत पुढच्या बंदरात शिरावे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा तुमचा बेत याच कारणाने चांगला आहे, कारण वारा आला तरी तो पाठीवर येतो. मालवणहून दाभोळला उलटे निघालात तर तोच वारा तोंडावर घेऊन प्रत्येक लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटत जावे लागेल. मात्र बोट रिकामी परत न्यावी लागणार असल्याने डिझेल दोन्ही वेळचे धरा.

अंतरे फारशी नाहीत. दाभोळ ते जयगड तीस किलोमीटरच्या आसपास, जयगड ते रत्नागिरी त्याहून थोडे अधिक, रत्नागिरी ते विजयदुर्ग पन्नासच्या जवळ, तिथून देवगड वीस आणि देवगड ते मालवण पस्तीस-चाळीस. सहा सिलिंडरची बोट आरामात सात-आठ नॉटने, म्हणजे ताशी तेरा-पंधरा किलोमीटरने चालते, म्हणजे शेवटचे दोन दिवस सोडले तर रोज दोन-तीन तासांचीच वाटचाल आहे आणि उरलेला वेळ थांबायला मिळतो. रात्री बोटीवर झोपायचा हट्ट धरू नका. आमच्या बोटींवर संडासाची सोय नसते, आणि खलाशांना जे चालते ते घरच्या बायकामाणसांना चालणार नाही. जयगडची खाडी आणि विजयदुर्गची वाघोटण खाडी ही दोन्ही निसर्गानेच केलेली बंदरे आहेत; बोट तिथे नांगरावी आणि माणसांनी गावात घरगुती सोयीत राहावे.

परवान्याबाबत कोणी 'आपलीच बोट आहे, काही होत नाही' म्हणाले तर ऐकू नका. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. महाराष्ट्र सागरी मंडळाची प्रवासी वाहतुकीची नोंदणी, विमा, माणशी लाइफ जॅकेट आणि परवानाधारक चालक हे सगळे असलेलीच बोट घ्या, आणि प्रत्येक बंदरात येण्याजाण्याची कल्पना द्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट रात्री उभी राहिली की चौकशी होते, आणि व्हायलाच हवी.

आता देवमासा. दिसतो, पण तुम्ही ज्या पाण्यातून जाणार त्यात सहसा दिसत नाही. खाडीच्या तोंडाशी, सहा-आठ वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली) जे दिसतात ते डॉल्फिन. आमच्याकडे त्यांना गादे म्हणतात. काका म्हणायचे, "गादे इले म्हणजे मासळी इली." देवमासा मी चार वेळा पाहिला, चारही वेळा पंधरा वावांच्या पलीकडे. एकदा तर आधी वास आला. आम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला होतो आणि कुजक्या मासळीसारखी दुर्गंधी आली. कोणीतरी सडका माल समुद्रात टाकला असे वाटले, तेवढ्यात शंभर हातांवर फवारा उडाला. तो त्याचा श्वास होता. तारलीचा थवा वर आलेला होता, पक्षी वरून पडत होते आणि तो काळा डोंगर तोंड उघडून एका कुशीवर आडवा झाला. आमच्या बोटीवर कोणी फोटो काढला नाही, कारण सगळ्यांच्या मनात जाळ्याची काळजी होती.

शेपटीची_नोंद (१५ नोव्हेंबर, दुपारी १:२५)

तांडेलसाहेबांनी वर्णन केलेला प्राणी बहुधा ब्रायडीचा देवमासा असावा. तारली-बांगड्यासारख्या मासळीच्या थव्यावर कुशीवर वळून तोंड उघडण्याची त्याची रीत प्रसिद्ध आहे. जवळून पाहायला मिळाला तर त्याच्या डोक्यावर समांतर तीन कंगोरे दिसतात, तर त्याच्या जवळच्या इतर जातींना सहसा मधला एकच असतो. बुडी मारताना तो शेपूट सहसा वर काढत नाही, त्यामुळे चित्रांत पाहिलेल्या उंचावलेल्या शेपटीची वाट पाहत बसलात तर समोर असलेला प्राणीही निसटेल.

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि दोन हंगाम सर्वेक्षणाच्या बोटीवर वही धरून बसले आहे, त्या बळावर काही नोंदी सांगते. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि गावकरी व वनखाते यांनी शर्थ करूनही वाचला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेले पिल्लू तर अनेकांना आठवत असेल. चाळीस तासांच्या खटपटीनंतर ते खोल पाण्यात सोडले, पण पुढे ते मेलेलेच सापडले. म्हणजे देवमासे आपल्या समुद्रात आहेत. आपली आणि त्यांची भेट बहुतेक वेळा वाळूवर, उशिरा होते, एवढेच.

यांत सर्वांत विलक्षण अरबी समुद्रातले कुबड असलेले देवमासे, म्हणजे हंपबॅक. जगातले बाकीचे हंपबॅक दरवर्षी ध्रुवाकडे आणि परत असा प्रवास करतात, हे मात्र वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी काही दिवसांत यांच्यातले सुमारे २४० मारले होते, ही गोष्ट तीस वर्षांनी उजेडात आली. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये एका मादीवर उपग्रहाचा टॅग लावला. तिचे नाव लुबान, म्हणजे धूप. आपला 'लोबान' याच शब्दाचा भाऊ. ती समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, दक्षिणेकडे गेली आणि पुन्हा ओमानला परतली. ती आपल्या दारावरून गेली तेव्हा ते फक्त उपग्रहाला माहीत होते.

आता जे तुम्हाला नक्की दिसू शकतात त्यांच्याविषयी. किनाऱ्यालगतचे डॉल्फिन कुबडाचे असतात, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. ते उथळ पाण्यातच, खाड्यांच्या तोंडाशी राहतात. याच पट्ट्यात आपल्या होड्या, जाळी, बंदरे आणि सांडपाणी आहे, आणि या जातीची गणना जगभरात संकटग्रस्त म्हणून होते ती त्यामुळेच. त्यांच्या पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा आणि व्रण प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून बाजूने काढलेला एक स्पष्ट फोटो हा त्या डॉल्फिनचा ओळखपत्राचा फोटो ठरतो. याशिवाय पाठीवर पर नसलेला, फारसा उसळी न मारणारा फिनलेस पॉरपॉइज हा लहान प्राणीही आहे. तो एकदा दिसला तर अर्ध्या लोकांना दिसलाच नाही असे वाटते.

दूरदेशी (१६ नोव्हेंबर, पहाटे ५:३०)

मी मूळची वेंगुर्ल्याची, आता कॅनडात व्हँकुव्हरला असते. इथे मी जशी सहल केली तशीच सागरगोटाताईंच्या मनात दिसते, म्हणून अनुभव लिहिते. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळ जॉन्स्टन सामुद्रधुनी आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे ओर्कांची, म्हणजे किलर व्हेलची, कुटुंबे सामन मासळीच्या मागे येतात. आम्ही सहा दिवस दहा प्रवाशांच्या एका जुन्या लाकडी बोटीवर होतो. पहिल्या दिवशी कप्तान बाईंनी सगळ्यांना डेकवर बसवून सांगितले की ओर्कापासून किमान २०० मीटर लांब राहायचे हा इथला कायदा आहे, तेव्हा कोणी 'अजून जवळ' म्हणू नये, कारण त्या ऐकणार नाहीत. पुढचे सहा दिवस कोणी म्हटले नाही.

खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस धुके होते आणि आम्ही काही पाहिले नाही. आम्ही ऐकले. बोट थांबवून पाण्यात मायक्रोफोन सोडला आणि केबिनमधल्या छोट्या स्पीकरवर आधी नुसती खरखर, मग दूरच्या जहाजाची घरघर, आणि मग एखादे दार बिजागरीवर करकरावे तसा आवाज आला. प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी असते आणि ती आईकडून येते, असे बाईंनी सांगितले. माझ्या मनात आले, आमच्याकडे वेंगुर्ल्याची आणि मालवणची बोली वेगळी, तसेच हे. त्या घरघरणाऱ्या जहाजाचा आवाज मध्ये आला की ती बोली बुडून जायची. होडीचे इंजिन डॉल्फिनला का सोसत नाही, हे मला चित्र पाहून नव्हे, त्या स्पीकरमुळे कळले.

तिथे रॉबसन बाइट नावाची जागा आहे. तिथल्या गोट्यांच्या उथळ किनाऱ्यावर ओर्का येऊन अंग घासतात. १९८२ पासून ती राखीव आहे आणि तिच्यात बोटींना जाऊ नये असे सांगितले आहे. ज्या मायकेल बिग यांनी पराचे आणि पाठीवरच्या राखाडी डागाचे फोटो जुळवून एकेक ओर्का ओळखायची रीत रुजवली, त्यांचे नाव त्या राखीव जागेला आहे. सर्वांत नाट्यमय दृश्य तिथे असूनही सहलीच्या बोटी बाहेरून निघून जातात आणि तरीही लोक पैसे देऊन येतात. त्याच बेटावर कोल हार्बर येथे १९६७ पर्यंत देवमासे कापण्याचा कारखाना चालत होता, हेही तिथेच सांगितले जाते.

बेत_फसला (१६ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

मी उलट बाजू सांगतो. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्साहून मी निळा देवमासा पाहायला गेलो होतो. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या फार जवळ येतो, त्यामुळे निळे देवमासे सहज गाठता येतात. आमच्या सहलवाल्याने 'शंभर टक्के दर्शन' असे लिहून दिले होते आणि दर्शन झालेही. नऊ बोटींच्या कोंडाळ्यात, तीन मिनिटे, एका पाठीचे. त्याच पाण्यातून जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक जातो आणि मोठ्या जहाजांच्या धडकेने तिथे देवमासे मरतात. २०२२ पासून एका बड्या जहाज कंपनीने आपली जहाजे आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे नंतर वाचले. माझे म्हणणे एवढेच की 'नक्की दाखवतो' म्हणणाऱ्या माणसाच्या बोटीत बसू नका.

आजोळ_राजापूर (१६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५)

दूरदेशीबाई, ती कप्तान बाई कोकणात मिळाली तर मी माझी शंका मागे घेईन. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणेल तशी होडी वळते. होडीवाल्याचा दोष आहे असेही नाही. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही सुट्ट्यांचे दिवस सोडले तर गिऱ्हाईक थोडेच; समोरची माणसे नाराज करून त्याला चालणार नाही.

तिसरा_तांडेल (१६ नोव्हेंबर, रात्री ८:४५)

काका, मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय गिऱ्हाइकाच्याच हातात आहे. निघण्यापूर्वी नावाड्याला स्पष्ट सांगावे की आम्हाला डॉल्फिन नाही दाखवलात तरी पैसे पूर्ण देऊ, मात्र पाठलाग केलात तर पुढे जाणार नाही. मी माझ्या आत्येभावाला हे सांगायला लावले होते. नावाड्याने आधी त्याच्याकडे वेड्यासारखे पाहिले, मग इंजिन बंद करून विडी पेटवली. डिझेल वाचत असेल तर कोणाला नको आहे?

एक गोष्ट मच्छीमारांच्या बाजूने लिहितो. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळे कापून त्याला सोडले तर वनखाते पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. कासव, डॉल्फिन आणि आम्ही ज्याला बहिरी म्हणतो तो व्हेल शार्क या योजनेतून सुटले आहेत. फोटो आणि व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावा लागतो, त्यामुळे आता तांडेल फोन काढतो. ज्या देवमाशांचे फोटो आम्ही काढले नाहीत, ते आता आमची पोरे काढतात.

वाशिष्ठीकाठ (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०)

दाभोळहून निघणारच आहात तर पहिला दिवस समुद्रात घालवू नका. वाशिष्ठीच्या खाडीत चिपळूणच्या बाजूला वर या. ओहोटीला चिखलाच्या काठावर मगरी उन्हाला पडलेल्या असतात आणि त्या पाहायला दुर्बिणीशिवाय काही लागत नाही. खारफुटीच्या कडेने पाणमांजरे दिसली तर नशीब. ज्यांना बोट लागते त्यांना हा दिवस सरावाचा म्हणून उत्तम, कारण पाणी स्थिर असते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र बघून या. ओहोटीला चुकलात तर गाळात बसाल.

समुद्राकडे वळल्यावर कड्यांवरची मोठी झाडे पाहत चला. काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, अशा झाडांवर वर्षानुवर्षे तेच घरटे वाढवत राहतो. आमच्याकडे एका आंब्यावरचे घरटे दुरून गवताच्या उडवीएवढे दिसते. त्याच हंगामात ऑलिव्ह रिडले कासवांची विणही चालू असते. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे भारताच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर, मध्ये अख्खे टोक वळसा घालून.

शेपटीची_नोंद (१७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५)

सागरगोटाताई, बोटीवर कसे वागावे हे तुम्ही विचारले नव्हते, तरी लिहिते. डॉल्फिन दिसले की तीनशे मीटरवरच वेग कमी करावा, समोरून किंवा पाठीमागून न जाता त्यांच्या बाजूने, त्यांच्याच दिशेने, समांतर चालावे आणि पन्नास मीटरच्या आत स्वतः जाऊ नये. देवमाशासाठी हे अंतर शंभर मीटरचे धरावे. ते आपणहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला ठेवून बसून राहावे. आधीच दोन बोटी असतील तर तिसरे आपण होऊ नये. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये बोट कधीही येऊ देऊ नये, कारण पिल्लू श्वासासाठी मोठ्यांपेक्षा अधिक वेळा वर येते आणि ते दमते. अर्ध्या तासानंतर निघून जावे, मग ते कितीही छान खेळत असोत.

नोंदवही ठेवा. वेळ, फोनमधले अक्षांश-रेखांश, खोली, किती प्राणी, पिल्लू होते का, आणि जवळ किती बोटी होत्या, एवढे पुरे. काही दिसले नाही तरी 'दिसले नाही' असे वेळेसह लिहा. कुठे शोधले आणि काय सापडले नाही, हे आमच्या दृष्टीने तितकेच कामाचे असते.

सागरगोटा (२३ नोव्हेंबर, रात्री १०:१०)

सर्वांचे मनापासून आभार. सासरे म्हणाले, "देवमासा दिसला नाही तर मला चालेल, पण संडास नसेल तर चालणार नाही." त्यामुळे रात्री किनाऱ्यावरच राहायचे ठरले. पहिला दिवस वाशिष्ठीत, दुसरा दाभोळ ते रत्नागिरी, तिसरा रत्नागिरी ते विजयदुर्ग आणि चौथा देवगडमार्गे मालवण. तिसऱ्या दिवशी, वारा परवानगी देईल तर, पंधरा वावांपर्यंत बाहेर जाऊन दोन तास थांबायचे. नोंदणी असलेली बोट मिळाली आहे. नावाड्याला पाठलाग न करण्याचे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग तुम्ही समुद्रात करणार काय?"

सागरगोटा (१६ फेब्रुवारी, रात्री ९:००)

परवा परतलो. वृत्तांत लिहायला बसले आहे, पण आधी मुख्य प्रश्नाचे उत्तर देते: देवमासा दिसला असे मी म्हणू शकत नाही.

वाशिष्ठीत मगरी मोजल्या, सात. त्यातली एक आम्ही लाकूड म्हणून सोडून दिली होती. ती पाण्यात सरकली तेव्हा सासरे उभे राहिले आणि बोट हलली. दुसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीच्या तोंडाशी सकाळी ७:५० ला गादे दिसले. नावाड्याने सवयीने सुकाणू वळवले, मग आमच्याकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. पहिली पाच मिनिटे काही नाही. माझ्या मनात आले, गेले. आणि मग बोटीच्या डाव्या अंगाला 'फुस्स' असा आवाज झाला, एखाद्याने सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबून सोडावा तसा, आणि पाठीवरचा उंचवटा, त्यावरचा पर, त्या पराच्या मागे दोन खाचा, एक मोठी, एक लहान, हे सगळे इतके सावकाश वर येऊन खाली गेले की पुतणीने फोटोही काढला आणि तोंडाने 'दोन खाचा' असेही म्हटले. एकूण पाच होते. पंचवीस मिनिटे ते आमच्या भोवती मासे धरत होते आणि आम्ही कुजबुजतही नव्हतो. आदल्या वर्षीच्या त्या डिसेंबरात अकरा होड्यांच्या गर्दीत मी जे पाहिले, त्यात मला हा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. नावाडी नंतर म्हणाला, चौदा वर्षे हा धंदा करतोय, पण त्यांचा श्वास इंजिन बंद करून आज पहिल्यांदा ऐकला.

तिसऱ्या दिवशी बाहेर गेलो. सासऱ्यांना बोट लागली नाही, मला लागली. मी आलेपाक तोंडात धरून क्षितिजाकडे बघत होते म्हणून मला काही दिसले नाही, पण पुतणीने दूरवर एकदा पांढरा फवारा पाहिल्याचे सांगितले. त्या बाजूला सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर पडत होता. आम्ही वीस मिनिटे जागेवर थांबलो. पुन्हा फवारा उडाला नाही. नावाडी म्हणाला लाटेचा तुषार असेल, पुतणी म्हणाली लाटाच नव्हत्या, आणि दोघांपैकी कोणाचे खरे ते मी ठरवू शकत नाही. वहीत 'अनिश्चित' असे लिहिले आहे. साडेदहाला वारा फिरू लागला तसे विजयदुर्गकडे वळलो.

शेपटीची_नोंद (१६ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

'अनिश्चित' खोडू नका, तसेच राहू द्या. फवारा कसा होता? उंच, बारीक, की झुडपासारखा पसरट? आणि जागा, वेळ, खोली कळवाल का? दोन खाचांचा फोटोही पाठवा.

सागरगोटा (१६ फेब्रुवारी, रात्री १०:०२)

पुतणी म्हणते, उंच आणि बारीक, आणि लगेच विरला. वेळ सकाळी ९:१०. आंबोळगडाच्या पश्चिमेला, नावाड्याच्या म्हणण्याप्रमाणे सोळा वाव पाणी. अक्षांश-रेखांश आणि फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

तिसरा_तांडेल (१७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०)

त्या आठवड्यात सोळा-सतरा वावांत तारली होती, जेट्टीवर टोपल्यांनी उतरत होती. त्या दिवशी आंबोळगडाच्या बाहेर आपल्या दोन बोटी होत्या. त्यांतली एक आज संध्याकाळी बर्फ घ्यायला येईल; तांडेलाला विचारून इथेच लिहितो.